वाफ, धूर आणि मशेरी

‘ई-सिगारेट कमी घातक असते’ हे विधान अपुरे आहे. कशापेक्षा कमी, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

या यंत्रात तंबाखू जळत नाही. निकोटिन, ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकोल आणि स्वादद्रव्ये यांचे मिश्रण बॅटरीवरच्या तारेने तापते व त्याचे सूक्ष्म तुषार फुफ्फुसात जातात. ज्वलन नसल्याने डांबर व कार्बन मोनॉक्साइड टळतो. याच आधारावर इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये ती सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक ठरवली. या आकड्यावर तेव्हाच वाद झाला.

२०१९ मध्ये इंग्लंडमधल्याच ८८६ धूम्रपान करणाऱ्यांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर ई-सिगारेट घेणाऱ्या गटातील १८ टक्के, तर निकोटिनच्या पट्ट्या, गोळ्या वगैरे घेणाऱ्या गटातील ९.९ टक्के लोकांची सिगारेट सुटलेली होती. मात्र सुटलेल्यांपैकी पहिल्या गटातले ८० टक्के लोक अजून ई-सिगारेट ओढतच होते. धूर सुटला, निकोटिन राहिले. त्याच वर्षी अमेरिकेत फुफ्फुसांच्या आजाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ जण दगावले. त्यामागे मुख्यतः गांजातील द्रव्याच्या काडतुसांत मिसळलेले ई जीवनसत्त्वाचे ॲसिटेट होते. म्हणजे या साथीचा दोष सरसकट सर्व ई-सिगारेटींवर टाकता येत नाही.

आता हे माप आपल्याकडे लावून पाहू. २०१६-१७ च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे सुमारे ४ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणारे सुमारे २४ टक्के आढळले. कोकणात बुरोंडीसारख्या गावांतून तंबाखू म्हणजे मुख्यतः पानातली, चुन्याबरोबर मळलेली, आणि बायकांच्या बोटावरची भाजलेली मशेरी. इथे जळणारा धूर मुळातच कमी. धोका तोंडाच्या कर्करोगाचा. मशेरी लावणाऱ्या बाईला ई-सिगारेट देणे म्हणजे निरोगी फुफ्फुसाला नवी वाट दाखवणे. तिची सिगारेटशी केलेली तुलना इथे फारशी कामाची नाही.

भारताने २०१९ मध्ये कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात बंद केली. सिगारेट, विडी आणि तंबाखूची पुडी मात्र विकत मिळते. कोवळ्या मुलांच्या वाढत्या मेंदूला निकोटिनपासून वाचवायला ही बंदी योग्यच. पण तिने मशेरीचा डबा रिकामा होत नाही. त्यासाठी घरोघरी तोंडाची तपासणी आणि सवय सोडवणारा आपला माणूस लागतो.