पणजोबांना कुणी लिहून ठेवलं?

त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या ओसरीवर गेलात की ते दोनच गोष्टी विचारतात. आडनाव काय आणि मूळ गाव कोणतं? मग आत जातात, कापडात गुंडाळलेली एक लांबोडकी वही घेऊन येतात, पानं उलटतात आणि तुमच्या आजोबांचं नाव वाचून दाखवतात. नुसतं नावच नाही. त्यांच्या भावांची नावं, मुलांची, सोबत आलेल्या आजीचं, कोणत्या विधीसाठी आले होते ते, आणि खाली आजोबांची सही. त्यांच्या स्वतःच्या हातची! आणखी मागची पानं काढली की पणजोबा येतात, त्यांच्याही मागे कुणी असेल तर तेही.

हे एवढ्या झटपट सापडतं कसं? मुळात शोध अर्धा झालेला असतो तो तुम्ही ओसरी चढण्यापूर्वीच. कुठल्या भागातली, कुठल्या गावांची माणसं कोणत्या उपाध्यायांकडे जायची, याची वाटणी पिढ्यानपिढ्या ठरलेली. त्या घरातल्या वह्या पुन्हा गावांप्रमाणे आणि आडनावांप्रमाणे लावलेल्या. म्हणून तर गाव विचारतात! नाशिकच्या रामकुंडावर, गयेला, हरिद्वारला हीच पद्धत. हरिद्वारच्या वह्यांची तर अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळ संस्थेने १९७७ पासून मायक्रोफिल्म काढायला सुरुवात केली.

पण उपाध्यायांनी हा उद्योग कशासाठी केला? तुम्हाला पणजोबा भेटावेत म्हणून? मुळीच नाही. यजमान म्हणजे उत्पन्न. हे घराणं आमच्याकडचं, शेजारच्यांकडचं नव्हे, याचा पुरावा म्हणजे वही. भावाभावांच्या वाटण्या झाल्या की वह्यांच्याही वाटण्या होत. दक्षिणेच्या हिशेबासाठी सुरू झालेलं ते काम आपल्यासाठी घराण्याचा इतिहास होऊन बसलं आहे.

घराण्याचा शोध घेण्याची ओढ एकदा लागली की माणूस जन्मभर त्यातून सुटत नाही, आणि मला वाटतं त्याचं खरं कारण हेच आहे. राजांनी आपला इतिहास मुद्दाम लिहवून घेतला. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचं चरित्र बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून ठेवलं. तुमच्याआमच्या पूर्वजांचं चरित्र कोण कोरणार? पण ते आहे. भलत्याच माणसांनी, भलत्याच कामासाठी लिहिलेल्या कागदांत ते विखुरलेलं आहे.

तहसील कचेरीतलं कोतवाल बुक घ्या. गाव नमुना १४, गावातल्या जन्ममृत्यूंची नोंदवही. सरकारला माणसं मोजायची होती, रोगराई कळायला हवी होती. कोतवालाने सांगायचं आणि नोंद व्हायची. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, कारण अजून बारसं झालेलं नसतं! बापाचं नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, बस्स. मृत्यूच्या नोंदीत मात्र कारणही येतं: ताप, देवी, पटकी. एखाद्या गावाची १९१८ सालची पानं जपून राहिली असतील तर पावसाळ्यानंतरचे महिने उघडा. तीच मानमोडीची साथ, जिला जग इन्फ्लुएन्झा म्हणतं. एरवी शांतपणे चालणारी नोंद तिथे दाटत जाते, आणि एकाच घरातली नावं एकाखाली एक येऊ लागतात. आपल्या पणजोबांना त्यांच्या मावशीने का वाढवलं, हे कधीकधी अशा पानावर कळतं. घरात ते कुणी बोललेलं नसतं.

मग फेरफार. जमिनीचा मालक वारला की वारसांची नोंद होते आणि एका परिच्छेदात अख्खं कुटुंब उभं राहतं. यातली एक गंमत पाहा. जुन्या फेरफारांत वारस म्हणून मुलगे येतात, मुलगे नसले तर विधवा येते. मुली जणू जन्मल्याच नव्हत्या. आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला की त्याच घराण्याच्या कागदांत एकाएकी मुली दिसू लागतात, सासरच्या नावागावासकट! आत्या होती हे सातबाऱ्याला दिल्लीत कायदा झाल्यावर कळलं.

बायकांचा माग काढणं एकूणच अवघड. लग्नात आडनाव तर बदलतंच, आपल्याकडे पाळण्यातलं नावही बदलायचे. म्हणजे एकाच पणजीला दोन माणसं समजून शोधायचं, एक माहेरी आणि एक सासरी.

इंग्रजांच्या मागे गेलात की मोडी लागते. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं तिच्याखाली टांगत जायची, शब्द न तोडता, शक्यतो हात न उचलता. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे कोट्यवधी कागद आहेत. त्यातल्या एखाद्यावर साल असतं ‘खमस सबैन मया व अलफ’. हे काय? शुद्ध अरबी आकडे: पाच, सत्तर, शंभर आणि हजार. शुहूर सन ११७५! त्यात ५९९ मिळवा, म्हणजे इसवी सन १७७४ (जानेवारी ते मेमधला कागद असेल तर ६००). आणि हे वर्ष सुरू कधी होतं? मृगाला. सुलतानी अमदानीतून आलेली, अरबी आकड्यांत लिहिलेली, पेरणीला सुरू होणारी कालगणना पेशव्यांचा मराठी कारकून मोडीत लिहितो आहे.

या दफ्तरात साध्या घराण्यांची माहिती येते ती भांडणांमुळे. पाटीलकी कुणाची यावर वाद झाला की दोन्ही पक्ष आपला करीना लिहून देत: मूळ पुरुष कोण, त्याचे मुलगे किती, वडील शाखा कुठली. निवाड्याच्या महजरावर पाटलाच्या नावाजवळ नांगर काढलेला असतो, सुताराजवळ त्याचं हत्यार. गुण्यागोविंदाने राहिलेली घराणी कागदात सापडत नाहीत.

याला एक सुरेख अपवाद आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि पलीकडे बेळगावच्या भागात हेळवी येतात. वंशावळ राखणं हाच त्यांचा पिढीजात व्यवसाय. सुगीनंतर दारात यायचं, घराण्याची नावं वाचून दाखवायची, नव्याने जन्मलेल्यांची भर घालायची आणि धान्य किंवा पैसे घेऊन पुढच्या घरी जायचं. आपण घरी बसायचं आणि पूर्वज चालत येतात!

भलत्याच कामासाठी लिहिलेल्या कागदांचा प्रकार समुद्रापलीकडेही तोच. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर कोकणातून, घाटावरून करारावर माणसं गेली. तिथे प्रत्येकाला क्रमांक मिळाला आणि नाव, बाप, गाव, जहाज, उंची, अंगावरची खूण सगळं उतरवलं गेलं. पुढे फोटोही काढले गेले. कशासाठी? कामगार मळ्यातून पळाला तर ओळखता यावा म्हणून. आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मॉरिशसचे मराठी त्याच नोंदींवरून आपलं मूळ गाव शोधतात.

किती मागे जाता येईल? जरा हिशेब करा. आईवडील दोन, आजीआजोबा चार, पणजीपणजोबा आठ. दर पिढीला दुप्पट. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर तीस पिढ्यांत आपण ज्ञानेश्वरांच्या काळात पोचतो, आणि तिथे तुमच्या पूर्वजांची संख्या होते १०७ कोटी. तेव्हा साऱ्या जगातही तितकी माणसं नव्हती! मग गडबड कुठे? तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा मोजली जातात. वडिलांनी मामाची मुलगी केली असेल तर तुमचे पणजीपणजोबा आठ नाहीत, सहाच. असं शेकडो वर्षं होत आलं आहे. वंशवृक्षाच्या फांद्या मागे जाताना फुटत जातात आणि मग एकमेकींत गुंततात. तुमच्या आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंच्या पूर्वजांच्या यादीत एकच माणूस निघण्याची शक्यता चांगलीच मोठी आहे.

हा छंद हल्ली निव्वळ हौसेचा राहिलेला नाही. जात पडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, सोबत वंशावळही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. घरातल्या ज्या काकांना सगळे हसायचे, त्यांच्या वहीसाठी आता रांग लागते.

कागद थांबतील, कारण ते टिकण्यासाठीच ठेवलेले आहेत. माणसं थांबत नाहीत. तेव्हा सुरुवात घरातल्या सर्वांत वयस्कर बाईपासून करा. त्यांना त्यांच्या आईचं माहेरचं नाव, आडनाव आणि गाव विचारा आणि तिथल्या तिथे लिहून घ्या. आणि हो, जुन्या फोटोंच्या पाठीवर नावं लिहाल तर पेन्सिलने, हलक्या हाताने. शाई पुढे उमटते.