काळी दिसते ती चांदीच

3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. दादासाहेब फाळक्यांनी कॅमेरा लंडनहून आणला, तारामतीचं काम अण्णा साळुंक्यांनी केलं, हे पुष्कळांना ठाऊक असतं. दादरच्या घरात, अंधाऱ्या खोलीत त्या फिल्मचं काय होत होतं, याविषयी मात्र भलत्याच समजुती ऐकू येतात.

प्रकाश पडला की फिल्मवर चित्र उमटतं, ही त्यातली पहिली. तसं होत नाही. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, कागदाहून कितीतरी पातळ, आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाशामुळे एखाद्या स्फटिकात चांदीचे जेमतेम चार-पाच अणू एकत्र येतात. डोळ्यांना ते दिसणं शक्यच नाही. पण डेव्हलपर, म्हणजे फिल्म ज्यात बुडवतात ते रासायनिक द्रावण, नेमका तोच स्फटिक हेरतो आणि त्यातल्या अब्जावधी आयनांची धातुरूप चांदी करतो. ही चांदी बारीक तंतूंच्या गुंत्यासारखी असते, प्रकाश तिच्यात जिरतो, म्हणून ती चकाकत नाही, काळी दिसते. कृष्णधवल चित्रातला काळा रंग म्हणजे शाई नव्हे, चांदी. उरलेले स्फटिक हायपो नावाच्या रसायनाने काढून टाकावे लागतात, नाहीतर उजेडात तेही काळवंडत जातात.

फाळक्यांच्या घरी या कामाचा मोठा भार त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी उचलला. कोऱ्या फिल्मच्या कडेची भोकं पाडण्यापासून रसायनं तयार करण्यापर्यंत त्या सगळं शिकल्या. ‘घरच्यांची मदत’ म्हणून हे एका ओळीत उरकणं मला अन्यायाचं वाटतं. डेव्हलपिंग बिघडलं असतं, तर दिवसभराचं चित्रण कायमचं गेलं असतं.

डार्करूममध्ये लाल दिवा चालतोच, असंही म्हणतात. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जाणवत नसे, म्हणून चालत असे. त्याच कारणाने कपाळावरचं कुंकू पडद्यावर काळं दिसे. पुढे आलेली, सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म मात्र लाल दिव्यातही खराब होते.

सर्वांत चिवट गैरसमज आगीचा: जुन्या फिल्मवर सिल्व्हर नायट्रेट असे, म्हणून ती पेटायची. सिल्व्हर नायट्रेट लागतं ते कारखान्यात ब्रोमाइड तयार करताना. पेटते ती थराखालची पारदर्शक पट्टी, सेल्युलोज नायट्रेटची. जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या रेणूतच असल्यामुळे ती पाण्याखालीसुद्धा जळत राहते. 2003 मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत चित्रपट संग्रहालयाच्या अनेक नायट्रेट फिल्म गेल्या.

चांदीमुळे फिल्म पेटली नाही, पण चांदीपायी ती नष्ट झाली हे खरं. खेळ संपलेली रिळं चांदी काढण्यासाठी विकली गेली, थर खरवडून वितळवला गेला. आपले बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत, त्यात आगीबरोबर या व्यापाराचाही हात आहे.