कवड्यांतील गणित

मेहकरास आमच्या घरीं गेल्या सुटींत एक लहानसा प्रसंग घडला. आमचा नातू पाढे घडाघड म्हणे, पण वहींतील उदाहरण दिसलें कीं रडकुंडीस येई. शाळेंतून 'मुलगा मंद आहे' असा शेरा आला, तेव्हां सारीं माणसें खिन्न झालीं. एके दुपारीं आजीनें ओटीवर खडूनें पांच-पांच घरांचा पट आंखला व चार कवड्या काढल्या.

उताण्या मोजून तितकें दान. चारही पालथ्या पडल्या तर आठ. तीन दिवसांत चिरंजीव विचारूं लागले, "आजोबा, चार क्वचितच कां पडतात?" आम्ही कागदावर मांडून दाखविलें: कवड्या पडण्याचे प्रकार एकंदर 16, त्यांत दोन उताण्यांचे 6, चारही उताण्यांचा अवघा 1. मग त्यानें शंभर दानें टाकून नोंद केली, आणि आमचा हिशेब जुळेना! कवडीच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, हें त्याचें त्यानेंच शोधून काढलें.

द्यूतानें धर्मराज बुडाला, म्हणून पट नको, असें आमच्या एका आप्तांचें म्हणणें. परंतु पैज लावली तरच तो जुगार. मोक्षपट तर परंपरा ज्ञानेश्वरांच्या नांवावर सांगते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांतही लहान वर्गांना खेळांतून शिकविण्यावर भर आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील शिक्षकांस यास खर्च तो काय? कवड्या नसल्या तर फोडलेले चिंचोके चालतात. अट एकच: दान मुलांनीं मोजावें, मोठ्यांनीं मध्यें बोलूं नये.

नातवाची भागाकाराची भीति अद्याप गेलेली नाहीं. वही मात्र आतां तो आपण होऊन उघडतो.