काकूंच्या पदरातली स्ट्रिप

रिसोड तालुक्यातलं रिठद हे माझं माहेर. गावाकडचं कुणी आमच्या रुग्णालयात आलं की प्रयोगशाळेच्या खिडकीशी येऊन मलाच हाक मारतं. त्या दिवशी शेजारच्या काकू आल्या होत्या. लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप. फॉर्मवर एक रकाना असतो : आधी प्रतिजैविक घेतलं का? तिथे ‘नाही’ लिहिलेलं. मी पुन्हा विचारलं.

‘नाई वं माय, औषध कायचं? वावरात निंदण चालू होतं, म्हणून पावरच्या गोळ्या घेतल्या फक्त.’

पदराची गाठ सोडून त्यांनी स्ट्रिप काढली. सिप्रोफ्लॉक्सासिन. सहा गोळ्या संपलेल्या, मागे उभी लाल रेघ. चिठ्ठीशिवाय ही गोळी घेऊ नये, एवढंच ती रेघ सांगते. 2016 मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी मोहीमही काढली होती. काकूंना मात्र ती रेघ म्हणजे गोळी भारी असल्याची खूण वाटली. मी ‘नाही’ खोडून ‘होय’ केलं.

देशभरातल्या जिवाणूंवर कोणतं औषध चालतं, कोणतं चालेनासं झालं, याचा हिशेब अशाच फॉर्मांतून उभा राहतो. आयसीएमआरचं जाळं 2013 पासून काम करतंय. विदर्भातून सेवाग्रामची वैद्यकीय संस्था त्यात आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं जाळं वेगळं. त्याच्या नोंदी ‘हूनेट’ नावाच्या संगणक प्रणालीत भरायच्या. एका रुग्णाचा तोच जिवाणू पुन्हा सापडला तरी मोजणीत एकदाच.

पण हे आकडे मोठ्या रुग्णालयांचे, हे मला सतत टोचतं. लघवीचा नमुना बाहेर दोन तास राहिला की त्यातले जिवाणू वाढत जातात आणि मोजणी खोटी ठरते. रिठदहून एसटीने बाटली पाठवायची म्हटली तर वाटेतच तिची माती. म्हणून गावातला जो माणूस गोळ्या खाऊन घरीच बरा होतो, किंवा होत नाही, तो या हिशेबात कुठेच नसतो. येतो तो काकूंसारखा, आधी गोळ्या खाऊन थकलेला.

मोजणी किती नाजूक असते, ते मी माझ्या पहिल्या नोकरीत शिकले. उन्हाळ्यात शनिवारी रात्री वीज गेली, फ्रिज बंद पडला. औषध भिजवलेल्या कागदी चकत्या आत होत्या. सोमवारी बघते तर जवळपास प्रत्येक जिवाणू इमिपेनेमला दाद देईना. मी घाबरून वरिष्ठ मॅडमना बोलावलं. त्यांनी रुग्णांच्या प्लेटांकडे पाहिलंच नाही. आधी नियंत्रणाची प्लेट मागितली. त्यावर ठरावीक, औषधाला नक्की बळी पडणारा ई. कोलाय वाढवलेला असतो. तिथेही चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ आक्रसलेलं! जिवाणू बलवान झालेच नव्हते, उकाड्याने चकत्या कमजोर झाल्या होत्या. त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी रद्द करून नव्या डबीवर पुन्हा तपासण्या लावल्या. नियंत्रणाची प्लेट नसती, तर आमच्या फ्रिजचा बिघाड देशाच्या आकड्यांत जाऊन बसला असता.

पण आकडा खरा निघाला की मात्र पोटात गोळा येतो. 2009 मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात पायल देशपांडे, कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी कार्बापेनेमला, म्हणजे इमिपेनेमच्या गटातल्या औषधांना, न जुमानणारे 24 जिवाणू तपासले. 22 मध्ये एनडीएम-1 निघालं, म्हणजे ही औषधं निकामी करणारं, ‘नवी दिल्ली’चं नाव दिलेलं विकर. मार्च 2010 मध्ये त्यांनी ते छापलं. नावातल्या ‘नवी दिल्ली’वरून गदारोळ उठला तो त्यानंतर, ऑगस्टमध्ये. मला मात्र त्या टेबलाशी बसून एकेक जिवाणू मोजणाऱ्या बायकाच आठवतात.

तिसऱ्या दिवशी काकूंची प्लेट उजेडाकडे धरली. सिप्रोच्या चकतीला चिकटून जिवाणूंचा थर. पट्टी लावली, 6 मिलिमीटर, म्हणजे नुसती चकतीच. नायट्रोफ्युरँटॉइनभोवती मात्र 21 मिलिमीटरचं स्वच्छ वर्तुळ. डॉक्टरांना कळवलं, मग संगणकावर नोंद केली : स्त्री, 58, मूत्र, ई. कोलाय. ‘लोकेशन’च्या रकान्यात वॉर्ड लिहायचा असतो, म्हणून ‘ओपीडी’.

संध्याकाळी काकूंना फोन केला. गोळी बदलल्याचं आणि ती पूर्ण दिवस घ्यायची असल्याचं दोनदा सांगितलं. ‘आपल्या रिठदचं नाव लिवलं का त्यात?’ त्यांनी विचारलं.

गावासाठी रकानाच नाही, हे मला त्यांना सांगता आलं नाही.