एका डोळ्याचा राक्षस

मागे एकदा आमच्याकडे एका आजींचा निरोप आला. त्यांच्या नातवाच्या चित्रांच्या पुस्तकात कपाळावर एकच डोळा असलेला राक्षस आहे. शेजारच्या मुलाचा एक डोळा लहानपणीच गेलेला. नातू आता त्याला त्या राक्षसाच्या नावानं चिडवतो. 'हा राक्षस कुठला आणि तो इतका वाईट का, ते एकदा नीट सांगा,' असं आजींचं म्हणणं.

तर हा राक्षस ग्रीस देशाच्या जुन्या कथांमधला. त्याच्या जातीला इंग्रजीत सायक्लॉप्स म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'वाटोळ्या डोळ्याचा'. हेसिअड नावाच्या कवीनं असे तीन भाऊ सांगितलेत, आणि ते चक्क कारागीर आहेत. देवांचा राजा झ्यूस याचं वज्र त्यांनीच घडवलं. मायसीनी गावच्या जुन्या कोटाचे प्रचंड दगड पाहून पुढच्या ग्रीकांना वाटलं, हे माणसाचं काम नव्हे, त्या एकडोळ्यांनीच हे रचलं असणार. पण ही कामसू मंडळी मागे पडली. लोकांच्या ध्यानात राहिला तो पॉलिफेमस, होमरच्या 'ओडिसी' या काव्यातला.

गंमत म्हणजे त्याला एकच डोळा आहे, असं होमर कुठे सरळ सांगतच नाही. डोळा फुटल्यावर तो पुरता आंधळा होतो, त्यावरून आपण समजायचं. कवीचं लक्ष आहे ते त्याच्या गुहेकडे. आणि ती गुहा तुम्ही पाहाल तर म्हणाल, बाई, काय हा टापटिपीचा संसार! कोकरं आणि करडं वयाप्रमाणे वेगवेगळ्या वाड्यांत कोंडलेली. चीजनं भरलेल्या टोपल्या. संध्याकाळी तो येतो, शेळ्या-मेंढ्या पिळतो, प्रत्येक पिल्लू आपापल्या आईखाली सोडतो. अर्धं दूध नासवून टोपल्यांत निथळत ठेवतो, अर्धं रात्री प्यायला काढून ठेवतो.

मग चुकतं कुठे? ओडिसियस हा राजा बारा सोबती घेऊन या गुहेत शिरतो. मालक घरात नाही, तरी हे चीज खात बसतात. सोबती म्हणतात, घ्यायचं ते घेऊन निघू या. राजाला मात्र यजमानाला पाहायचं असतं आणि त्याच्याकडून भेट हवी असते. त्या काळच्या ग्रीकांत दारी आलेल्या परक्याला आधी जेवू घालायचं, नाव-गाव मागाहून विचारायचं, अशी रीत होती आणि तिचा राखणदार खुद्द झ्यूस. पॉलिफेमस म्हणतो, आम्ही झ्यूसला मोजत नाही. आणि पाहुण्यांना जेवण देण्याऐवजी पाहुण्यांचंच जेवण करतो. एकूण सहा माणसं खातो. त्याचा गुन्हा तो हा. कपाळाचा त्यात काही संबंध नाही.

पुढचं बहुतेकींना ठाऊक असेल. राजा त्याला दारू पाजतो आणि आपलं नाव 'कोणीनाही' असं सांगतो. तो झोपल्यावर ऑलिव्हच्या लाकडाचा तापवलेला सुळका त्याच्या डोळ्यात खुपसतात. तो ओरडतो, 'मला कोणीनाही मारतोय!' शेजारचे राक्षस म्हणतात, कोणी नाही तर मग ओरडतोस कशाला? ही कोटी मराठीत इतकी छान बसते की जणू इथलीच.

हा एक डोळा आला कुठून? १९१४ साली ओथेनियो आबेल या ऑस्ट्रियन अभ्यासकानं एक तर्क मांडला. सिसिली बेटावर फार पूर्वी बुटके हत्ती होते, सुमारे एक मीटर उंचीचे. हत्तीच्या कवटीत समोर मधोमध मोठं भोक असतं, ते सोंडेच्या नाकपुड्यांचं. हत्ती कधी पाहिलाच नाही अशा माणसाला गुहेत ती कवटी सापडली, तर त्याला ते भोक डोळ्याचंच वाटणार. तर्क सुरेख आहे, पण पुरावा नाही.

नंतरच्या कवींनी याच राक्षसाला प्रेमात पाडलं. ओव्हिडच्या काव्यात तो गॅलाटीया नावाच्या समुद्रकन्येसाठी दाताळ्यानं केस विंचरतो आणि विळ्यानं दाढी कापतो. सिनेमानं मात्र भीती उचलली. अरबी गोष्टींतल्या सिंदबादला भेटणारा माणसंखाऊ राक्षस दोन डोळ्यांचा, पण १९५८ च्या सिंदबादच्या इंग्रजी चित्रपटात सायक्लॉप्स आला तो एकडोळ्या. मग २००१ मध्ये 'मॉन्स्टर्स, इन्क.' आला. त्यातला हिरवा, गोल, एका डोळ्याचा बडबड्या माइक पोरांना इतका आवडला की भीती पळालीच.

आजी, नातवाला गोष्ट सांगाल तेव्हा एक प्रसंग गाळू नका. ओडिसियसची माणसं मेंढ्यांच्या पोटाखाली लपून गुहेबाहेर पडतात. राजा सगळ्यात मोठ्या एडक्याला लोंबकळलेला, म्हणून तो एडका सगळ्यांच्या मागून येतो. आंधळा पॉलिफेमस त्याच्या पाठीवर हात फिरवतो आणि विचारतो, रोज तू सगळ्यांच्या पुढे असतोस, आज मागे का राहिलास? धन्याच्या डोळ्याचं तुला दुःख झालं का रे?