जुन्या लॅपटॉपवर तीन-चार सर्व्हर! भाडं न भरता सर्व्हरचं काम शिका

बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर किंवा डिप्लोमा करणाऱ्या गावाकडच्या मुलांची एक अडचण नेहमीची आहे. नोकरीच्या मुलाखतीत विचारतात, "लिनक्स सर्व्हर सांभाळला आहे का?" सर्व्हर भाड्याने घ्यायचा तर दर महिन्याला पैसे आणि कार्ड लागतं. पण घरात ६४-बिटचा, ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पडून असेल, तर हा सराव फुकटात होतो.

कंटेनर म्हणजे काय?

एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा आख्खा कॉम्प्युटर चालवणं म्हणजे व्हर्च्युअल मशीन. ते एकाच प्लॉटवर दुसरं घर बांधण्यासारखं आहे. पाया वेगळा, खर्च वेगळा, त्यामुळे रॅम भरपूर खातं.

कंटेनर म्हणजे वाड्यातली खोली. पाया एकच, पण प्रत्येक खोलीला आपलं दार आणि आपलं कुलूप. लिनक्सचा मूळ गाभा, म्हणजे कर्नल, सगळ्यांना एकच असतो. नेमस्पेस नावाची सोय एका खोलीतलं दुसरीला दिसू देत नाही. सीग्रुप्स नावाची सोय कुणी किती रॅम वापरायची ते ठरवते. म्हणून कंटेनर काही सेकंदांत सुरू होतो. मात्र गाभा लिनक्सचा असल्याने कंटेनरमध्ये विंडोज चालत नाही.

हे तंत्र नवं नाही. एलएक्ससी २००८ मध्ये आलं, तर डॉकर २०१३ मध्ये. २०२३ पासून 'इन्कस' हे मोफत सॉफ्टवेअर आहे. शिकायला तेच सोपं.

सुरुवात कशी करायची?

आधी लॅपटॉपमधले फोटो, कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा, कारण नवीन सिस्टिम टाकताना डिस्क पुसली जाते. मग डेबियन १३ टाका. खालच्या कमांड इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. इन्कसचं स्पेलिंग आय-एन-सी-यू-एस.

१. सुडो ॲप्ट इन्स्टॉल इन्कस: सॉफ्टवेअर बसतं.
२. सुडो इन्कस ॲडमिन इनिट --मिनिमल: नेटवर्क आणि जागा तयार होते.
३. सुडो इन्कस लाँच इमेजेस:डेबियन/१३ शाळा: 'शाळा' नावाचा सर्व्हर उभा राहतो. नाव इंग्रजी अक्षरांतच द्या. पहिल्या वेळी डाउनलोड होतं, तेव्हा नेट चांगलं हवं.
४. सुडो इन्कस शेल शाळा: तुम्ही त्या सर्व्हरच्या आत जाता. बाहेर यायला एक्झिट.

आता एका खोलीत वेबसाइट, दुसरीत डेटाबेस, तिसरीत नुसते प्रयोग, असं करता येतं. एक बिघडला तरी बाकीचे चालू राहतात.

बिघडलं तर?

बिघडणारच, त्याशिवाय शिकणार कसं? प्रयोग करण्याआधी 'सुडो इन्कस स्नॅपशॉट क्रिएट शाळा आधी' ही कमांड द्या. त्या घडीची स्थिती 'आधी' या नावाने जपली जाते. काही चुकलं तर क्रिएटच्या जागी रिस्टोअर लिहा, सर्व्हर पूर्वीसारखा.

पण लक्षात ठेवा, स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो. डिस्क गेली की तोही गेला. महत्त्वाचं काम 'इन्कस एक्सपोर्ट'ने फाइल करून पेन ड्राइव्हवर घ्या.

एवढं सांभाळा

लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर थोडा वेळ लाइट गेली तरी सर्व्हर बंद पडत नाही. जास्त वेळ गेली तर मशीन नीट बंद करा. सुरुवातीला हे सर्व्हर फक्त त्याच मशीनवरून दिसतात. ते इंटरनेटवर उघडे करायची घाई करू नका. आधी पासवर्ड, अपडेट आणि फायरवॉल शिकून घ्या.

रोज एक तास दिला आणि काय केलं ते वहीत लिहून ठेवलं, तर पुढच्या मुलाखतीत त्या प्रश्नाला "हो" म्हणता येईल.