पूर्वीची गर्भाशय शस्त्रक्रिया व पुढील बाळंतपण : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सिझेरियन प्रसूतींचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २५.४ टक्के झाले. साहजिकच गर्भाशयावर व्रण असताना पुन्हा गरोदर राहणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली आहे. गर्भाशयातील गाठी काढल्यानंतरही असा व्रण राहू शकतो.

गुंतागुंतीचे स्वरूप :
या व्रणामुळे प्रामुख्याने दोन धोके संभवतात. पहिला धोका म्हणजे कळांच्या वेळी व्रण उसवून गर्भाशय फाटणे. गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा छेद घेतलेला असल्यास नैसर्गिक प्रसूतीच्या प्रयत्नात हा धोका साधारणतः दोनशेत एक इतका असतो. वरच्या भागातील उभ्या छेदानंतर तो कित्येक पटींनी वाढतो. म्हणून कळा सुरू होण्यापूर्वीच शस्त्रक्रिया करणे इष्ट ठरते. पोटावरील टाक्यांवरून मात्र आतील छेद ओळखता येत नाही.

दुसरा धोका म्हणजे वार व्रणात खोलवर रुजणे. अशी वार सहज सुटत नाही, रक्तस्राव आवरत नाही व प्रसंगी गर्भाशय काढावे लागते. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गर्भाशयमुखावर वार असलेल्या स्त्रियांपैकी पूर्वी एक सिझेरियन झालेल्या ११ टक्के, दोन झालेल्या ४० टक्के, तर तीन झालेल्या ६१ टक्के स्त्रियांत ही अवस्था आढळली.

प्रादेशिक संदर्भ :
मराठवाड्यात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेचे कागद बहुधा माहेरीच राहतात. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात, तेव्हा जुनी नोंद आणखी दूर जाते. कळा सुरू झालेल्या स्त्रीचा पूर्वीचा छेद कोणता, हे मग डॉक्टरांना कळू शकत नाही. किनवट-माहूरहून नांदेडच्या किंवा देवणी-जळकोटहून लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास रक्तस्राव सुरू झाल्यावर करणे जोखमीचे असते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका उपयुक्त आहे. परंतु ती पूर्वनियोजनाची जागा घेऊ शकत नाही.

समारोप :
छेदाचा प्रकार नमूद असलेले रुग्णालयाचे कार्ड स्त्रीने स्वतःजवळ बाळगणे, सोनोग्राफीत वारेचे स्थान तपासून घेणे आणि रक्तपेढी व भूलतज्ज्ञ उपलब्ध असलेले रुग्णालय आधीच ठरविणे, ही त्रिसूत्री महत्त्वाची आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामीण शिबिरांतून महाविद्यालयांना ती घरोघरी पोहोचविता येईल. जपून ठेवलेला एक कागद माता व बालक या दोघांचेही प्राण वाचवू शकतो.